ज्येष्ठेचा डावा गाल

भाद्रपद लागला की आमच्या स्टुडिओत दिवाळीच्या कामांची घाई सुरू होते आणि माझे डोळे दुखायला लागतात. बाहेर पाऊस धड पडत नाही, धड उघडत नाही. समोरच्या पडद्यावर कुणाचं तरी डोकं फिरत असतं, राखाडी रंगाचं, केस नसलेलं. त्याचे गाल ओढायचे, हनुवटी दाबायची, कपाळ जरा मागं ढकलायचं, हा माझा धंदा. अॅनिमेशनमधलं पात्र कुणीतरी कागदावर काढून देतं, मी त्याला कॉम्प्युटरवर अंग देते, आणि मग दहा जणांच्या सांगण्यावरून ते अंग बदलत बसते. घडवण्यात थोडी आणि बदलण्यात सगळी उमर गेली म्हणा ना.

यंदा बदलायला आलीय ती मुलांच्या एका मालिकेतली थोरली बहीण. आमचा डायरेक्टर माझ्या मुलाच्या वयाचा आहे, बोलायला गोड. "मॅडम, हिला जरा फ्रेश करू या ना," म्हणतो. फ्रेश म्हणजे नेमकं काय, ते मला अजून कळलेलं नाही. मी डोळे थोडे मोठे करते, हनुवटी थोडी निमुळती करते, आणि मग सगळे खूश होतात. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावतात.

पण यंदा डोळे दुखण्याचं खरं कारण हे काम नाही. ज्योतीनं एक काम सांगितलंय, ते होत नाही. ज्योती म्हणजे माझ्या अक्काची, थोरल्या बहिणीची मुलगी. ती मानवतला दिलेली. गेल्या वर्षीच्या माघात अक्का गेली. यंदा वर्षश्राद्धाला आम्ही सगळे तिच्या सासरी, ताडकळसला जमलो होतो, तेव्हा ज्योती भांडी विसळता विसळता मला म्हणाली, "मावशी, तुमी दिवसभर तोंडंच करता की कॉम्प्युटरवर. माज्या आईचं एक करून द्या. तरुणपणचं. पोरांना दाखवायला माज्याकडं काहीच न्हाई."

खरंच काही नाही. लग्नातल्या फोटोत अक्काच्या तोंडावर मुंडावळ्या आणि मान खाली. त्यानंतर थेट मतदानाच्या ओळखपत्रावरचा फोटो, त्यात ती कुणाचीही कुणी असू शकते. मग दवाखान्यातला, तो कुणी बघू नये. मधली सगळी अक्का कुठंच नाही. मी हो म्हणून बसले. आपलीच बहीण, आपलाच धंदा, त्यात काय अवघड, असं वाटलं होतं. पण जेव्हा जेव्हा बसते तेव्हा भलतीच बाई तयार होते. कधी ती आईसारखी दिसते, कधी माझ्यासारखी, एकदा तर साबणाच्या जाहिरातीतल्या बाईसारखी दिसली. अक्काचा डावा गाल उजव्यापेक्षा उचललेला होता, एवढं मला पक्कं आठवतं. ती हसायला लागली की हसू आधी डावीकडं यायचं. आमच्या सॉफ्टवेअरचा नेम असा की एका बाजूला केलं ते दुसऱ्या बाजूला आपोआप होतं. ते बंद करता येतं, मी केलंही. पण गाल उचललेला होता म्हणजे किती? ते माझ्या हाताला आठवत नाही. मला याचा फार त्रास होतो.

एका हाताला मात्र ते आठवलं होतं.

आमचं घर तेव्हा जिंतूरला होतं, माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेत चित्रकला शिकवायचे. माळवदाचं घर उन्हाळ्यात गार, पण पावसाळ्यात त्याचा काही नेम नाही. एका श्रावणात माळवद गळलं ते नेमकं महालक्ष्म्यांच्या पेटीवर. आमच्याकडं गौरींना महालक्ष्म्याच म्हणतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा अशा दोघी बहिणी. पत्र्याच्या कोठ्यांना साड्या नेसवायच्या आणि वर मुखवटे बसवायचे. आमचे मुखवटे शाडूचे. कनिष्ठा वरच्या बाजूला होती, ती वाचली. ज्येष्ठा खाली होती. आईनं फडकं सोडलं तर आत नुसता पिवळा चिखल आणि चिखलात एक डोळा.

इतर वर्षी कुणीतरी परभणीला गेलं असतं आणि नवा मुखवटा घेऊन आलं असतं. पण ती नामांतराची वर्षं होती. विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न सुटत नव्हता. आज मोर्चा, उद्या बंद, परवा कुठं दगडफेक झाल्याची बातमी. आधी कुणाकुणाची घरं जळली होती, ते अजून कुणी विसरलं नव्हतं, आणि आमच्यासारख्यांच्या घरात त्याबद्दल हळू आवाजात बोलायचे, किंवा बोलायचेच नाहीत. त्या भाद्रपदात एस.टी.च्या गाड्या डेपोतच उभ्या होत्या. स्टँडवर कुत्री झोपलेली. अण्णा रोज संध्याकाळी तिथवर जाऊन यायचे आणि चप्पल काढता काढता म्हणायचे, "न्हाई."

हे 'न्हाई' मुखवट्यासाठी नव्हतं. अक्काचं लग्न त्याच वर्षी वैशाखात झालेलं. ताडकळसच्या बाजाराहून आलेल्या एका ओळखीच्या माणसानं सांगितलं होतं, पोरीला ताप येतोय, उतरंना झालाय. त्यानंतर गाड्या बंद. फोन कुणाकडं होता तेव्हा? आई स्वयंपाक करायची, पण तिचं सगळं ध्यान रस्त्याकडं असायचं. भाकरी करपायची आणि आम्ही ती गुमान खायचो.

आणि गाड्या चालू असत्या तरी अक्का आलीच नसती. आमच्याकडच्या या सणाची ही मोठी गंमत आहे. महालक्ष्म्या म्हणजे माहेरपणाला आलेल्या लेकी. पण ज्या घरात त्या बसतात त्या घरच्या सुनेला त्या दिवसांत उंबरा ओलांडता येत नाही, सोवळं-ओवळं, पुरण, फुलोरा, सगळं तिच्याच गळ्यात. त्यामुळं देवी तेवढी माहेरी येते आणि खऱ्या लेकी सासरी पुरण वाटत बसतात. अक्कानं जन्मभर तेच केलं; माझ्या सासरी महालक्ष्म्या नव्हत्या, म्हणून मला तेवढं माहेरी जाता यायचं. तेव्हा वाटायचं, असा कसा सण काढला असेल कुणी. आता काही वाटत नाही, कंबर तेवढी दुखते.

तर मुखवटा अण्णांनीच करायचं ठरवलं. शाडू कुठून आणणार? त्यांनी घरातले वर्तमानपत्रांचे गठ्ठे काढले आणि घंगाळात भिजत घातले. बंदच्या, मोर्च्यांच्या सगळ्या बातम्या त्यात फुगून वर आल्या. मग तो लगदा कुटायचा, त्यात मुलतानी माती, डिंक आणि मेथीचं पीठ घालायचं. मेथी कशाला, तर कीड लागू नये म्हणून. घरभर मेथीचा कडू वास. माझ्या ओढणीलाही तो वास लागला होता आणि शाळेत मैत्रिणी मला विचारायच्या, "लाडू केलेत का गं?"

अण्णांनी लगदा आधी एका मडक्याच्या बुडावर चढवला. अर्धामुर्धा वाळल्यावर अलगद उतरवला, आणि मग मुखवटा तळहातावर घेऊन आतून अंगठ्यानं एकेक भाग उचलायला लागले. आतून गाल, आतून कपाळ, आतून हनुवटी. बाहेरून नुसता ओला हात फिरवायचे. "आतनं उचललं की तोंडाला जीव येतोय," म्हणायचे. मला समोर बसवलं होतं. "नंदा, उजेडाकडं तोंड कर. हलू नको." मी अकरावीत होते, मला लय अभिमान वाटला. देवीचं तोंड माझ्यावरून निघणार! मी शेजारणींना सांगूनही आले होते.

शेजारणी मग बघायला आल्याच. एकीचं म्हणणं, जुन्या ज्येष्ठेचं नाक लांब होतं. दुसरीचं म्हणणं, नाक राहू द्या, पण कपाळ एवढं मोठं नव्हतं बाई. तिसरी म्हणाली, जुनी जरा रागीट होती, हिला थोडा राग घाला. अण्णा सगळ्यांना "बरं, बरं" म्हणायचे आणि अंगठा आत घालून आपल्याच मनाचं करायचे. आज मीटिंगमध्ये बसले की मला ते 'बरं, बरं' आठवतं. मला तसं कधी जमलं नाही. मी सगळ्यांचं ऐकते.

सण दोन दिवसांवर आला होता. दुपारची वेळ. आई हरभऱ्याची डाळ निवडत होती, ती सूप घेऊन ओसरीत आली आणि अण्णांच्या हाताकडं बघून तिथंच बसली.

"अगं माय," ती म्हणाली. "ही तर माजी अक्का हाय."

मी उठून बघितलं. अक्काच होती. रंग नाही, डोळे नाहीत, नुसता करडा ओला लगदा, पण डावा गाल उचललेला आणि हसू आता येणार असं तोंड. आईनं पदराला हात पुसला आणि त्या गालावरून फिरवला. ती हसली. कितीतरी दिवसांनी आईला हसताना बघितलं मी. आणि बघता बघता ते हसू गेलं.

"बदला हिला," ती म्हणाली.

"का? चांगली झाली की."

"तिसऱ्या दिवशी हिच्या तोंडावर फडकं गुंडाळून मी पेटीत घालू? वर्षभर अंधारात ठिवू? पोरीला ताप हाय, दोन शब्दांचा निरोप न्हाई, आन मी तिचं तोंड झाकू?"

"अगं, कागद हाय त्यो. लगदा हाय."

"कागद हाय ते मला बी दिसायलंय."

"मी ठरवून न्हाई केलं," अण्णा म्हणाले. "मी हिच्याकडं बघून करायलो होतो."

आईनं माझ्याकडं बघितलं, मुखवट्याकडं बघितलं आणि म्हणाली, "हिच्यात अक्का कुठं हाय?" त्या घडीला तिला दुसरं काही सुचत नव्हतं हे मला आज कळतं, पण तेव्हा मला ते फार लागलं. समोर मी बसलेली, आणि अण्णांच्या अंगठ्यात अक्का. धाकटीचं असंच असतं.

अण्णा खूप वेळ मुखवटा हातात घेऊन बसले. एकदा अंगठा आत घातला, आणि काढला. "माज्यानं व्हायचं न्हाई," म्हणाले. त्यांनी मुखवटा पाटावर ठेवला, हात धुतले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

मग आईनंच केलं. तिला ना चित्र येत होतं ना मूर्ती, पण भाकरी थापणारा हात होता. डाव्या गालावरचा लगदा तिनं ओल्या बोटांनी खरवडून काढला आणि उजवीकडं थापला. पाणी लावून लावून गुळगुळीत केलं. रडत होती आणि करत होती. मधेच मला म्हणाली, "लांबनं बग. दोन्हीकडं सारखं दिसायलंय का?" मी म्हणाले, "डावीकडनं अजून थोडं काढ." तिनं काढलं. थोड्या वेळानं पाटावर एक तोंड होतं, नीटनेटकं आणि कुणाचंच नसलेलं. अण्णांनी संध्याकाळी येऊन त्याला पिवळा रंग दिला, डोळे काढले, ओठ काढले. त्या मुखवट्याला सगळ्या शेजारणींनी नावाजलं.

महालक्ष्म्या आल्या, जेवल्या. तिसऱ्या दिवशी हळदीकुंकवाची गडबड चालू असताना रस्त्यावर एस.टी.चा हॉर्न वाजला. आई हातातली कुंकवाची कोयरी तशीच घेऊन दारात गेली. पहिल्याच गाडीनं ताडकळसचा एक मास्तर आला होता, अण्णांच्या ओळखीचा. अक्काचा ताप कधीचाच उतरला होता. पुरण तिनंच वाटलं होतं म्हणे.

आईनं देवापुढं डोकं टेकलं. मग अण्णांकडं वळून म्हणाली, "बगा. बदललं म्हणून." अण्णा म्हणाले, "उगंच बदललं." या दोन वाक्यांवर ते दोघं जन्मभर राहिले. दर भाद्रपदात एकदा तरी हा विषय निघायचा आणि तिथंच थांबायचा. मी कॉलेजात गेल्यावर एकदा अण्णांना म्हणाले होते, पुन्हा करा की अक्काचं तोंड, आता तर ती ठणठणीत आहे. ते म्हणाले, "तवा ती यायची वाट बगत हुतो गं. तसं मुद्दाम बसून येत न्हाई." अक्काला हे सगळं सांगितलं तेव्हा ती डावीकडून हसली. "बरं केलं आईनं," म्हणाली. "मला न्हाई वर्षभर पेटीत बसायचं."

तो मुखवटा टिकला. मेथीमुळं असेल. आईनं पुढं ज्येष्ठेला कुणाला हात लावू दिला नाही. कनिष्ठेला आम्ही कुणीही चढवावं, ज्येष्ठा मात्र तीच चढवणार. मुखवटा कोठीवर बसवताना आतून हात घालून तोलावा लागतो. आई हात आत घालून बराच वेळ उभी राहायची. "आई, मी करू का?" विचारलं की म्हणायची, "थांब गं. बसंना नीट." आणि सण झाल्यावर फडक्यात गुंडाळण्याआधी ती आतून कापूस भरायची, स्वतः सरकी काढून पिंजलेला. त्यात तिचा अर्धा दिवस जायचा. म्हातारपणी माणूस एकेक खूळ धरतं, असं आम्ही म्हणायचो.

आता अण्णा नाहीत, आई नाही. आम्हाला भाऊ नाही, म्हणून महालक्ष्म्या यंदा पहिल्यांदाच पुण्याला माझ्याकडं आल्या आहेत, तिसऱ्या मजल्यावर. यंदा त्या यायच्या त्याच सकाळी डायरेक्टरचा फोन. "मॅडम, त्या दीदीच्या फेसमध्ये काहीतरी तिरकं वाटतंय. लेफ्ट साइडला." मी बघितलं. खरंच, डावा गाल थोडा उचललेला होता. मी कधी केला, मला माहीत नाही. ज्योतीसाठी महिनोन् महिने धडपडून जे जमलं नाही ते या परक्या पोरीत नकळत थोडंसं उतरलं होतं, आणि तेही पुरतं नव्हतं, निसटतं होतं. "करा ना दोन्ही बाजू सारख्या, एका क्लिकचं तर काम आहे," तो म्हणाला. एका क्लिकचंच काम होतं. मी केलं. केलेलं मागं घ्यायची सोय असते आमच्याकडं, पण मला भांडायचा कंटाळा आला होता. अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून मी घरी आले.

पेटी उघडली. ज्येष्ठेचं फडकं सोडलं आणि आतला कापूस ओढला. तो एकाच गोळ्यात निघाला, आईनं शेवटचा भरलेला. मेथीचा वास आला, पुसट, पण तोच. मुखवटा कोठीवर ठेवायला मी हात आत घातला, आणि माझा अंगठा डावीकडं एका खोल खळग्यात गेला. उजवीकडचा खळगा उथळ होता. मी दोन-तीनदा चाचपून बघितलं. मग मुखवटा उलटा करून खिडकीशी नेला.

आईनं बदललं होतं ते बाहेरून. आतून कुणी काही केलंच नव्हतं. अण्णांच्या अंगठ्यानं उचललेला गाल, कपाळ, हनुवटी, सगळं आत तसंच होतं, खोलगट, उलटं. अंगठ्याच्या रेघासुद्धा होत्या. मी तिथंच जमिनीवर बसले आणि रडले. सून ताट घेऊन आली होती, ती बिचारी घाबरली.

कोठीवर बसवण्याआधीच मी उलट्या मुखवट्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवले, आणि नैवेद्याच्या दिवशी जेवणं आटोपल्यावर कॉम्प्युटरवर त्यांचा आकार बांधला. आतलं बाहेर करणं हे आमच्या धंद्यात एका बटणाचं काम आहे, बहुतेक वेळा ते चुकून होतं आणि आम्ही वैतागतो. मी बटण दाबलं. अक्का आली. नाकाच्या जागी नुसता उंचवटा, डोळे नाहीत, पृष्ठभाग खडबडीत. मी कशालाही हात लावला नाही. फक्त उजेड एका बाजूनं दिला आणि ज्योतीला पाठवून दिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला, मानवतहून. मागं बायकांचा गलका, तिच्याकडंही हळदीकुंकू.

"मावशी, हिला डोळे न्हाईत."

"न्हाईत गं. तेवढं न्हाई जमलं."

मागचा गलका लांब गेला; ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली असावी.

"पन हसायली की ही," ती म्हणाली. "आई अशीच हसायची. हसू यायच्या आधी." मग तिकडून कुणीतरी तिला कुंकवासाठी हाक मारली.

संध्याकाळी मी महालक्ष्म्यांना निरोप दिला. साड्या उतरवल्या. कनिष्ठेला गुंडाळून पेटीत ठेवलं. ज्येष्ठेला कोठीवरून काढायला हात आत घातला आणि मला आई दिसली, दर भाद्रपदात अशीच हात आत घालून उभी, थांब गं, बसंना नीट. मुखवटा चांगला बसत होता. माझ्या हाताला पहिल्याच वर्षी बसला होता. तिला माहीत होतं. अण्णांना तिनं कधी सांगितलं नाही, आणि बाहेरचं तोंड फडक्यात गुंडाळताना आतल्या तोंडाला काही टोचू नये म्हणून ती अर्धा दिवस कापूस पिंजत बसायची.

जुना कापूस दबून घट्ट झाला होता. मी खालच्या दुकानातून नवा आणला, बसून नीट पिंजला आणि आत भरला. डावीकडं जरा जास्त लागला.